युक्रेनने अण्वस्त्रं दिली ते चुकलंच का?

मुक्ता_पुणे: परवा इथे कुणीतरी लिहिलं की युक्रेनने सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं रशियाला दिली नसती तर पुतिनची हिंमत झाली नसती, निःशस्त्रीकरण हा भाबड्यांचा उद्योग आहे. डोकंच फिरलं वाचून. अहो, क्षेपणास्त्रं युक्रेनच्या जमिनीत होती पण डागायचे कोड मॉस्कोत होते! सुमारे १९०० वॉरहेड (क्षेपणास्त्रावर बसवायचे अणुबॉम्ब), सांभाळायला खिशात दमडी नाही, चेर्नोबिलची जखम ओली. तरी युक्रेनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्रावचुकनी १९९४ च्या जानेवारीत घासाघीस करून वॉरहेडमधल्या युरेनियमच्या बदल्यात स्वतःच्या अणुभट्ट्यांना इंधन मिळवलं.

कोकणातला_बंड्या: कोड बदलता येतात हो. द्नीप्रोच्या युझमाश कारखान्यात एसएस-१८ क्षेपणास्त्रं बनायची, तिथले इंजिनियर काय अडाणी होते? अण्वस्त्रांच्या बदल्यात युक्रेनच्या सीमा मानू असं लिहून दिलेल्या १९९४ च्या बुडापेस्टच्या कागदावर रशियाचे येल्त्सिन, अमेरिकेचे क्लिंटन, ब्रिटनचे जॉन मेजर, सगळ्यांच्या सह्या आहेत, २०१४ ला क्रिमिया गेला तेव्हा कोण धावून आलं? माझा भाचा खारकीव्हला एमबीबीएसला होता, २०२२ ला मेट्रो स्टेशनात फरशीवर झोपून दिवस काढले पोराने, इकडे ताईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुमची घासाघीस तिला सांगा.

मुक्ता_पुणे: ताईंचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण सैन्य पाठवू असं त्या कागदात कुठेच नव्हतं. शब्द रशियाने मोडला, त्याचं खापर निःशस्त्रीकरणावर का?

निवृत्त_मास्तर: म्हणूनच आपण अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या सीटीबीटी करारावर सही केली नाही. १९९६ ला जिनिव्हात आपल्या राजदूत अरुंधती घोष सगळ्यांना पुरून उरल्या, दोन वर्षांत पोखरण.

माडबनची_लेक: पोखरणला पेढे वाटलेत, आणि जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पासाठी आमच्या आत्याची जमीन गेली तेव्हा कुठे होतात मास्तर? २०११ ला तिथल्याच साखरी नाटे गावात आंदोलकांवरच्या गोळीबारात माणूस गेला.

निवृत्त_मास्तर: वीज वेगळी, बॉम्ब वेगळा. उगाच गल्लत करू नका.

माडबनची_लेक: गल्लत नाही. दोन्हीकडे आम्हाला कुणी विचारत नाही, हेच सांगतेय. जमीन तुमची असती तर कळलं असतं.

कोकणातला_बंड्या: जैतापूरचा वेगळा धागा काढा की! बरं मुक्ताताई, कोड मॉस्कोत होते, मानलं. पण पुढचा कुठला देश आता हातातलं सोडेल?

मुक्ता_पुणे: हा प्रश्न मलाही छळतो. पण १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरच्या आयएनएफ करारात रेगन-गोर्बाचेव्हनी मिळून २६९२ क्षेपणास्त्रं मोडीत काढली, रशियातल्या वोत्किन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या गेटवर अमेरिकन निरीक्षक बसून बाहेर पडणारी गाडी तपासत होते. कट्टर वैरी होते ते, भाबडे नव्हते. तपासणी चोख असेल तर जमतं. बुडापेस्टच्या कागदात शब्द मोडणाऱ्याला आवरायची सोयच नव्हती, भांडायचं तर त्यावर भांडा.