सेमिनरी हिल्सचा चढ पळायचा की सपाटच बरं? गुडघेवाल्यांनी या

सपाटवाला४३
सरळ बोलतो, चाळिशीनंतर चढावर पळणं म्हणजे दुखापतीला आवतण. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन केलं, मित्र म्हणे नागपूर सपाट आहे, सेमिनरी हिल्सवर सवय कर. मग काय, फुटाळ्याकडून वर, खाली, वर, खाली, पहिल्याच रविवारी सहा फेऱ्या. त्या दिवशी काहीच नाही, मस्त तर्री-पोहे हाणले. सोमवारी मांड्या कुरकुरल्या अन् मंगळवारी घरचा जिना उलटा उतरलो राजेहो, कठडा धरून, तोंड वरच्या मजल्याकडे, बायको खालून व्हिडिओ काढून राहिली. दहा वर्षं आपल्या सपाट वॉकर्स स्ट्रीटवर पळतो, कधी काही झालं नाही. आपल्याला सपाटच बरं.

टेकडीखोर
चढाला काऊन शिव्या देता भाऊ, तुम्हाला मारलं उतारानं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच ब्रेक मारत असतो, नवख्या स्नायूला त्याची सवय नसते म्हणून ते बारीक बारीक फाटतं अन् २४ ते ७२ तासांत दुखणं टोकाला जातं. तुमचा मंगळवार बरोबर त्यात बसतो. पाय आपटण्याचा जोर लोकांनी मोजलाय पण, ९ अंशाच्या उतारावर सपाटापेक्षा ५४ टक्के जास्त आला, तेवढ्याच चढावर तो आपटण्याचा झटका दिसलाच नाही. मी आठ फेऱ्या करतो पण खाली येताना चालत, गप्पा मारत. न्यूझीलंडचे कोच लिडियार्ड पोरांना चढावर पळवायचे, त्यांचा पीटर स्नेल १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकात ८०० अन् १५०० मीटर दोन्हीची सुवर्णपदकं घेऊन गेला.

टाचदुखी_ताई
दादा, स्नेलचं वय तेव्हा पंचवीस होतं, तो ऑफिसात नऊ तास बसत नव्हता. आणि चढ अगदीच गरीब गाय आहे असं काही नाही. आपटणं कमी होतं हे खरं, पण चवड्यावर पळता तेव्हा पोटरी अन् टाचेमागची जाड शीर, अकिलीस, तिच्यावर सगळा भार. मागच्या वर्षी माझी तीच गेली. सकाळी पलंगावरून उतरलं की स्वयंपाकघरापर्यंत लंगडत जायचं, चहा होईपर्यंत मोकळी व्हायची, म्हणून मी मानून घेतलं की बरं आहे, अन् ग्रुपमधले म्हणायचे दुखणारच, दुखलं तरच फायदा. पाच महिने गेले. चूक माझीही आहे, आठवड्यातून एकदाच्या जागी तीनदा चढ पळत होते.

सपाटवाला४३
बघा, ताई पण तेच म्हणून राहिल्या.

टाचदुखी_ताई
अजिबात नाही, मी चढ सोडला नाहीये. आठवड्यातून एकदा, चार फेऱ्या, मधले दिवस पायरीच्या कडेवर टाचा खाली सोडून सावकाश वर-खाली करते. तुमचं दुखणं वेगळं आहे दादा. दोन्ही मांड्या सारख्या दुखतात अन् चार दिवसांत उतरतं, ती अंगदुखी. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखलं, चाल बदलली, तर थांबायचं अन् दाखवायचं. तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरून राहिलात.

टेकडीखोर
हे पटलं. अन् भाऊ, साताऱ्याला अर्धं अंतर यवतेश्वरचा घाट चढायचा अन् तेवढाच उतरायचा आहे. सपाटावर तयारी करून गेलात तर तिथला उतार तुमच्या मांड्यांना पहिल्यांदाच भेटेल, मग परतीच्या गाडीच्या पायऱ्या उलट्या उतरा. एकदा थोडा उतार पचवला की पुढच्या वेळी तेवढंच पळून दुखणं कमी होतं, म्हणून आतापासून एक-दोन फेऱ्या हळू, छोटी पावलं टाकत उतरा.

ब्रिजवरचा_पळपुटा
एवढं कशाला, उड्डाणपूल आहेत की. हलका चढ, हलका उतार.

टाचदुखी_ताई
अन् पहाटे मागून ट्रक. घरच्यांना नीट सांगून निघत जा.

सपाटवाला४३
मी अजून सपाटवालाच आहे हे लिहून ठेवा. पण पैसे भरून बसलोय, तर येत्या रविवारी दोनच फेऱ्या, उतरताना चालत. अन् मंगळवारी जिना सरळ उतरलो नाही तर टेकडीखोर तर्री-पोहे देणार, मंजूर?

टेकडीखोर
मंजूर. आधी तो व्हिडिओ टाका.