एल निनो म्हटलं की पाऊस कमी, हे खरं का?

डिचोलीचो शेतकार: बातम्यांत परत एल निनो एल निनो चाललंय. आमचं भात पावसावरच, रोप तयार करायची वेळ आली आणि बाबा म्हणतात थांब. थांबू का?

दर्यावेडो: थांबू नका ओ. एल निनो म्हणजे मध्य पॅसिफिकचं पाणी सरासरीपेक्षा निदान अर्धा डिग्री तापलेलं, आणि तेही महिनोन्महिने, बोयी (समुद्रात तरंगणारी मोजयंत्रं) आणि सॅटेलाइटवरून मोजतात. पण १९९७ ला एवढा जबरदस्त एल निनो असून देशात पाऊस नॉर्मल पडला, कारण आपला हिंदी महासागरही मध्ये पडतो ना, त्याची पश्चिम बाजू तापली तर आपल्याला फायदा.

म्हापशेकर: आणि २०२३ चा एल निनो? तेव्हाचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा, आमच्या विहिरीची पायरी दिसायला लागलेली!

दर्यावेडो: बरोबर, म्हणून तर शक्यता म्हणतात. हवामान खात्याचा एप्रिलचा अंदाज अख्ख्या सीझनचा असतो, त्यावरून पेरणीचा दिवस ठरवू नका, मेअखेरचा सुधारित बघा, मग आठवड्याचा. आपल्याला सह्याद्री आहे, पाऊस येतोच, गोची पाऊस मध्येच थांबतो त्या खंडाची.

डिचोलीचो शेतकार: म्हणजे थोडं बियाणं राखून ठेवतो. बाबांना १९९७ सांगितलं, म्हणतात तेव्हा बैल होते 😄