मदत हवी आहे: दिवाळी अंकांवरचं लिखाण वेळेत कसं संपवू?

गेली चार वर्षं हौसेने दिवाळी अंकांवर लिहितोय. 1909 मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढल्यापासून चालत आलेली ही परंपरा, तिच्याबद्दल नीट, जबाबदारीने लिहावं असं मनापासून वाटतं. अडचण तिथेच आहे. अडीचशे पानांचा अंक अथपासून इतिपर्यंत वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नये, असं मला वाटत राहतं. मग लेख पूर्ण होईपर्यंत संक्रांत येते आणि वाचकांची अंकखरेदी कधीच आटोपलेली असते. यंदा सहा अंक घेतले, लिहून झाला एकच. त्यातल्या एका कथेला ‘संथ’ म्हणावं की ‘सावकाश’, यात अख्खी संध्याकाळ गेली. पहिला शब्द दोष दाखवतो, दुसरा गुण. लेखकाने वर्षभर खपून लिहिलेलं असतं, त्यामुळे शब्द चुकवायची भीती वाटते.

तीनशे शब्दांची मर्यादा घालून पाहिली, खाडाखोड तेवढीच. मित्राला कच्चा खर्डा दाखवला, त्याला तो आवडला, तरी माझा हात सुटला नाही. नोकरीमुळे शनिवार-रविवारच मिळतात. तारांकित गुण द्यायचे नाहीत.

अनुक्रमणिकेतलं निम्मंच वाचून लिहिणं प्रामाणिक ठरेल का? तसं लिहिणाऱ्यांनी सांगावं: काय वाचलं नाही हे लेखात कुठे आणि कोणत्या शब्दांत सांगता, आणि शेवटचा हात फिरवून झाला हे कशावरून ठरवता?