मदत हवी आहे: सोलर आणि पेल्टिअर एकत्र जोडले की चार्जिंग बंद

कुळागरी:
तीन रविवार वाया गेलेत, कोणीतरी नीट सांगा. मनगटावरच्या बँडसाठी १०० एमएएचची बॅटरी आहे. ५ व्होल्टचं छोटं पॅनल एकटं लावलं की चार्जरचा लाल दिवा लागतो. कातडीला चिकटून पेल्टिअर (उबेवर वीज देणारी चकती) ठेवलाय, तो एकटा ०.०४ व्होल्ट देतो. दोन्ही जोडले की मीटरवर ०.१२ आणि दिवा बंद! ऊन अधिक अंगाची ऊब म्हणजे जास्त मिळायला हवं ना? पेल्टिअर खराब निघाला का? अर्जंट आहे.

कथील:
जोडले म्हणजे कसे? पेल्टिअर कुठला, चार्जर कुठला?

कुळागरी:
लाल लालला, काळी काळीला. आणखी कसे जोडतात? पेल्टिअर नेहमीचाच, १२७०६. चार्जर टीपी४०५६.

मानकुराद:
डायोड टाक, वीज एकाच दिशेला जाऊ देतो. १एन५८१९, दोन्हीकडे एकेक. माझ्या गेटवरचा सोलर दिवा चार वर्षं चालतोय.

कथील:
गेटवर पेल्टिअर आहे का, बाब? तो डायोड दोन-तीन दशांश व्होल्ट स्वतःच खातो. ०.०४ त्यातून पार कसे होणार? सोलर वाचेल, पेल्टिअर नुसता शोभेला.
कुळागरी, पेल्टिअर ठणठणीत आहे. त्याचा आतला रोध जेमतेम २ ओहम. पॅनलच्या दोन्ही टोकांना तू जवळपास शॉर्ट दिलास. पॅनल ६० मिलीअँपचं असणार. गुणिले २, हे घे तुझे ०.१२.

पाटोवाला:
सोलरसाठी पीएम सूर्यघर योजना बघा. ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान. वीजबिल हाताशी ठेवा.

मानकुराद:
मनगटावर ३ किलोवॉट?? 😄

जुनी_घड्याळं:
सेइकोने १९९८ मध्ये अंगाच्या उष्णतेवर चालणारं थर्मिक घड्याळ काढलं होतं. होतं की!

कथील:
घड्याळाला मायक्रोवॉट पुरतात. हा बँड नेमकं करतो काय?

कुळागरी:
ईएसपी३२ आहे, वायफायवाली चिप. आजोबा कुळागरात (पोफळीच्या बागेत) पडले तर वायफायवरून घरी मेसेज. मागच्या पावसात शेवाळावर घसरले, तासभर कोणाला पत्ता नव्हता.

कथील:
हे पहिल्या ओळीत सांगायचं रे! पोफळीखाली ऊन कुठलं? आणि कातडी ३२-३४ अंश, मे महिन्यात आपली दुपारची हवाही तेवढीच. दोन बाजूंत फरक नाही तर वीज नाही. ०.०४ कधी मोजलेस?

कुळागरी:
सकाळी, ओसरीवर. दुपारी अंगणात ०.००६ आले, एकदा तर उणे. मीटर बिघडला वाटून सेल बदलले.

कथील:
मीटर बिचारा खरं बोलत होता. उन्हाने वरची बाजू मनगटापेक्षा तापली, उष्णता उलटी वाहिली.
सकाळचाच हिशेब धर. ०.०४ व्होल्ट, २ ओहम: फार तर ०.२ मिलीवॉट. व्होल्टेज वाढवणारा एलटीसी३१०८ बूस्टर २० मिलिव्होल्टपासून सुरू होतो, पण त्यात अर्ध्याहून जास्त जातं. ०.१ धरले तरी तुझी ३७० मिलीवॉट-तासांची बॅटरी भरायला पाच महिने. वायफाय चालू ठेवलंस तर ती तासाभरात रिकामी. उणे व्होल्टेजवरही चालणारा ३१०९ आहे, पण ओढायला काही असायला तर हवं. दोन स्रोत हवेच असतील तर दोघांना वेगळे कन्व्हर्टर दे आणि बॅटरीकडे एकत्र आण. तारा थेट एकमेकींना नाही.
आणि तो टीपी४०५६ मुळात १ अँपिअरवर सेट असतो. ही बॅटरी त्यावरून यूएसबीवर लावू नकोस, फुगेल. सेटिंगचा १.२ किलोओहमचा रोध काढून १५ किलोओहमचा लाव.

पोफळ:
एक विचारू? कुळागरात वायफाय पोचतं?

कुळागरी:
...विहिरीपर्यंत.
पेल्टिअर काढला. ओसरीवर दिवा लागला, पोफळीखाली नाही. आजोबा म्हणाले, हात हलका झाला. रात्री ते बँड खुंटीला अडकवतात, तिथेच रोध बदललेला चार्जर ठेवतोय. विहिरीपुढचं काय करायचं, त्याचा वेगळा धागा काढतो.

मानकुराद:
डायोड तरी टाकलास का?