शब्दचर्चा: ‘महापाषाणयुगीन’ थडगं म्हणावं का?

आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजवर मराठीत लेख लिहिते आहे. बॉइन नदीकाठच्या या थडग्याला मी ‘महापाषाणयुगीन’ म्हटलं, तर वाचणाऱ्याने हटकलं, की ते नवाश्मयुगीन आहे. मग इंग्रजी ‘मेगालिथिक’चं, म्हणजे प्रचंड शिळांनी बांधलेलं या अर्थाच्या शब्दाचं, काय करायचं?

—

ताई, दोन्ही शब्द ठेवा, पण ‘युगीन’ एकालाच लावा. दोन्हींत दगड आहे, मात्र निरनिराळा. नवाश्मातला ‘अश्म’ हातात धरायचा, घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडीचा. महापाषाणातला ‘पाषाण’ थडग्याच्या भिंतीचा. पहिला काळ सांगतो, दुसरा बांधणी. न्यूग्रेंज साधारण ख्रि.पू. ३२०० चं, धातूची ओळख नसलेल्या शेतकऱ्यांनी रचलेलं. म्हणून ‘नवाश्मयुगीन महापाषाणी थडगं’.

घोटाळा होतो तो विदर्भामुळे. नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरीची शिलावर्तुळं हीसुद्धा महापाषाणी थडगी, पण लोहयुगातली. तिथे लोखंडी हत्यारं निघाली, माहुरझरीला तर घोडेही पुरलेले सापडले. त्यामुळे आपल्याकडे ‘महापाषाणयुग’ म्हटलं की ख्रि.पू. पहिलं सहस्रक डोळ्यांपुढे येतं. न्यूग्रेंज त्याच्या दोन हजार वर्षं आधीचं आहे.

—

‘समाधी’ मात्र नको. त्या शब्दाला आपल्याकडे साधुसंतांचा वास आहे. ‘थडगं’ बरं, फक्त एक खुलासा जोडा: आत जळलेली आणि न जळलेली, दोन्ही प्रकारची माणसांची हाडं मिळाली. नुसतं ‘थडगं’ वाचून कुणी पुरलेला अख्खा देह समजेल.

‘पॅसेज टूम’ला मी ‘बोळाचं थडगं’ म्हणेन. १९ मीटर लांब, दोन्ही बाजूंना उभ्या शिळा, माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. याला ‘मार्ग’ म्हटलं तर रुंद रस्ता वाटतो.

—

आणि कृपा करून ‘खोदकाम’ लिहू नका. खोदकाम गटारासाठीही होतं. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ’केली यांनी १९६२ ते १९७५ तिथे जे केलं ते उत्खनन: ढासळलेले दगड थराथराने नोंदत काढणं, कललेल्या शिळा सरळ करणं, छताच्या फटी बुजवलेल्या जळक्या मातीतून कार्बन-१४ने वय काढणं.

—

सगळ्यांचे आभार. ‘बोळ’ घेतलाच. ‘रूफ-बॉक्स’ अडला होता. दारावरची ती दगडी चौकट, तिला ‘झरोका’ लिहिते आहे. २१ डिसेंबर १९६७ च्या सकाळी ओ’केली आत एकटे थांबले होते, तेव्हा उगवतीचं ऊन तिथूनच बोळभर सरकत गाभाऱ्यापर्यंत आलं.

—

झरोका उत्तम! पण ‘गाभारा’ देवळाचा. तिथे ‘कक्ष’ करा.