तुंबा, आरा, धाव: आयटीआयच्या पुस्तकात हे शब्द हवेत की नकोत?

साटा_शिवळ
माझं मत सरळ आहे: हवेत. बैलगाडीचं चाक घ्या. मधे तुंबा, त्यात ठोकलेले बारा आरे, आऱ्यांची दुसरी टोकं सहा पुठ्यांमध्ये, म्हणजे लाकडी घेराच्या तुकड्यांमध्ये (एका पुठीत दोन), आणि त्या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. आस जागेवर स्थिर, चाक त्याभोवती फिरतं, आणि ते निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला ‘कुणी’ नावाची खीळ. प्रत्येक भागाला नेमका एक शब्द. भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीचा ‘आस’ 23.5 अंशांनी कललेला चालतो, मग ट्रॉलीचा ‘अ‍ॅक्सल’च का?

लेथवाला
कारण भाग तेच राहिलेले नाहीत. लाकडी आरा दाबाखाली काम करतो. तुंब्याखालचा आरा ओझं जमिनीकडे पोचवतो. सायकलची तार ताणावर काम करते, दाबली तर लगेच वाकेल. तिला आरा म्हटलं की मुलाच्या डोक्यात चुकीचं चित्र बसतं. पुठीला तर सायकलच्या रिममध्ये जोडच नाही. आणि कुणी ही नुसती भोकात घातलेली खीळ. आज तिच्या जागी येणाऱ्या स्प्लिट पिनचे दोन पाय फाकवून मागे वळवतात, ती खाचांचा नट फिरू देत नाही. दुकानात जाऊन ‘कुणी आहे का?’ विचारा, आतून ‘आलो, आलो’ येईल.

साटा_शिवळ
विनोद मान्य, मुद्दा नाही. स्पोक हा शब्द इंग्रजांच्याही लाकडी चाकाचाच होता. तारेचं चाक आलं म्हणून त्यांनी तो टाकून दिला नाही. टायरचंही तेच. 1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला, त्याच्या कितीतरी आधीपासून लोखंडी पट्टीला टायरच म्हणत. त्यांचा शब्द नव्या भागावर चढतो, आपला का चढू नये?

शिवाय धाव चढवणं हा श्रिंक फिटचा अख्खा धडा आहे. 5 फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे 188 इंच. धावेचा आतला घेर त्याहून पाऊण-एक इंच कमी ठेवून टोकं जोडायची. मग जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचून तापवायची. तापमान 500 अंश सेल्सिअसने वाढलं की लोखंड एवढ्या घेरात सव्वा इंचाच्या आसपास वाढतं. चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घणाने सगळीकडून सारखी ठोकायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. आवळताना सांधे कुरकुरतात, ते योग्यच. पण घेर जास्तच कमी धरला असेल तर आरे वाकून चाक ताटलीसारखं खोलगट होतं. कमी आवळली असेल तर उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि धाव खडखडू लागते. तात्पुरता उपाय चाक पाण्यात भिजत ठेवणं. खरा उपाय धाव कापून पुन्हा जोडणं. रेल्वेच्या जुन्या चाकांवर पोलादी टायर याच तत्त्वाने बसवत.

खाचरवाली
दोघंही एकच बोली धरून भांडताय. विदर्भात गाडीला बंडी म्हणतात, खाचर म्हणतात. हलकी ती छकडा, छपराची ती दमणी. भागांची नावंही मुलुखाप्रमाणे बदलतात. पुस्तकात कोणाचा शब्द घालणार? एक निवडलात की बाकीचे चूक ठरले.

माझ्या मते जिथे आज शब्दच नाही तिथे जुना आणा. उदाहरण: उलाळ आणि धुरजड. ओझं आसाच्या मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जुपण्या, म्हणजे जुवाला बांधलेले गळपट्टे, बैलांच्या गळ्याला काचतात. फार पुढे आलं की धुरजड, मग मानेवर भार येऊन खांदा सुजतो. दोनचाकी ट्रॅक्टर ट्रॉलीत हेच घडतं. ऊस मागे जास्त रचला की ट्रॉलीची दांडी हुक वर खेचते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार घटतो आणि चढावर ती जागीच फिरतात. भार आसाच्या किंचित पुढेच हवा. याला ड्रायव्हर ‘मागं वजन झालं’ एवढंच म्हणतात. ‘उलाळ’ म्हटलं की एका शब्दात काम होतं.

वंगणनळा
जाता जाता: ‘कामाला खीळ बसली’ मधली खीळ म्हणजे कुणी, असं बरेच जण सांगतात. पटत नाही. कुणी बसली तर गाडी चालते, पडली तर चाक निघतं. वाक्प्रचारातली खीळ अडवणारी आहे, दाराच्या अडसरासारखी. ‘चाकोरी’ मात्र निःसंशय गाडीचीच. सगळ्या गाड्यांच्या चाकांतलं अंतर जवळपास सारखं, म्हणून एकाच्या खोल चरात दुसऱ्याचं चाक बसतं. वेगळ्या मापाची गाडी आली की एक चाक चरात, एक काठावर आणि गाडी तिरपी.

लेथवाला
उलाळ, धुरजड घेतले. वर्कशॉपच्या फळ्यावर उद्या लिहितो. आस घ्यायलाही हरकत नाही. आरा आणि कुणी नाही म्हणजे नाही. आणि साटा_शिवळ, टायरगाडीच्या तुंब्यात आता टेपर बेअरिंग (निमुळत्या रोलरांचं) असतं. त्याच्या बाहेरच्या कड्याला काय म्हणणार?

साटा_शिवळ
कप. आतल्याला कोन. तिथे भांडण नाही, लाकडी तुंब्यात ते कधी नव्हतंच.