सोलापूरहून कोची: आईला घेऊन जायचंय, फोर्ट कोचीत किती दिवस राहावं?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे होता. गड्ड्याची यात्रा उरकली की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात केरळला जायचं चाललंय. मी, बायको, आठवीतली मुलगी आणि आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, सपाटीवर हळूहळू चालते पण जिने नको म्हणते. ट्रॅव्हल्सवाल्याने पाच दिवसांचं पॅकेज दिलंय, त्यात कोची फक्त अर्धा दिवस आणि बाकी सगळं मुन्नार, ठेक्कडी, हाऊसबोट. मी म्हटलं कोचीला एक दिवस वाढवून द्या तर म्हणतो तिथं बघण्यासारखं काय नाही साहेब, मासे धरायची ती चिनी जाळी बघायची, फोटो काढायचा आणि निघायचं.

आता खरं कारण सांगतो. माझे वडील इथे एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होते, तीस वर्षं. गठाण बांधून झाली की तिच्यावर स्टेन्सिल ठेवून शाईने बंदराचं नाव उमटवायचं हे त्यांचं काम. रात्री घरी आले की हातावर निळे डाग असायचे आणि जेवताना आईला सांगायचे आज कुठल्या बंदराचा माल गेला. आईने अशी कितीतरी बंदरांची नावं ऐकलीत, पण जहाज तिने आयुष्यात जवळून बघितलेलं नाही. वडील जाऊन चार वर्षं झाली. परवा मुन्नारचे फोटो दाखवले तर म्हणाली, डोंगर राहू दे, मला बंदर दाखव.

तर कोचीत किती दिवस काढू, आईला जमेल असं काय काय आहे, आणि आम्ही शाकाहारी आहोत तर जेवणाचं कसं, एवढं सांगा.

बाळीवेशीतला

पॅकेज बदला. निदान दोन रात्री फोर्ट कोचीतच मुक्काम करा, एर्नाकुलममध्ये नको. लोक इथेच चुकतात. एर्नाकुलम म्हणजे जमिनीकडचं मोठं शहर, तिथं मॉल, ट्रॅफिक, मेट्रो सगळं आहे, पण जुनं बंदर म्हणजे फोर्ट कोची आणि मट्टांचेरी, ते पाण्यापलीकडे. हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून एर्नाकुलमला राहिलात तर निम्मा वेळ जाण्यायेण्यातच जातो. फोर्ट कोचीत जुन्या घरांत होमस्टे भरपूर आहेत, बुक करतानाच तळमजल्यावरची खोली सांगा.

आईंसाठी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे वॉटर मेट्रो. हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीला बॅटरीवर चालणारी बोट जाते, एसी आहे, आवाज नाही, आणि धक्का तरंगता असल्यामुळे पाणी वर असो का खाली असो बोटीत पाऊल टाकताना उंच पायरी येत नाही. माझ्या सासूबाई व्हीलचेअरवर गेल्या होत्या, काही अडचण आली नाही.

आता बघायचं काय. आधी एवढं समजून घ्या की हे बंदर पुरातून झालंय. त्याच्या आधी मोठं बंदर होतं ते उत्तरेला, मुझिरिस. १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, मुझिरिसचं तोंड गाळाने भरलं आणि इकडे कोचीला समुद्राचं तोंड मोठं झालं, व्यापार सगळा इकडे सरकला, असं इतिहासात सांगतात. नंतर पोर्तुगीज आले, १६६३ ला डचांनी घेतलं, १७९५ ला इंग्रजांनी. सगळे मिरीसाठी आले. आणि प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवलंय, तेही सगळं एकाच गावात, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात.

सेंट फ्रान्सिस चर्च बघाच. १५०३ ला आधी लाकडाचं बांधलं होतं, नंतर दगडाचं केलं. वास्को द गामा १५२४ च्या २४ डिसेंबरला कोचीतच वारला आणि इथेच त्याला पुरलं होतं, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. आता जमिनीत नुसता दगड आहे आणि भोवती कठडा. आम्ही लहानपणी पुस्तकात त्याचं नाव घोकलं, तो माणूस इथं या फरशीखाली होता हे बघून माझा मुलगा एकदम गप्प झाला. वर कापडी पंखे टांगलेत, पूर्वी बाहेरून माणसं दोरी ओढायची. चर्च एका पातळीवर आहे, आईंना त्रास नाही.

मट्टांचेरीचा राजवाडा: लोक डच पॅलेस म्हणतात पण बांधला पोर्तुगीजांनी, कोचीच्या राजाला भेट म्हणून, डचांनी नंतर दुरुस्त केला. आतल्या भिंतींवर रामायण रंगवलंय, पुत्रकामेष्टीपासून अयोध्येला परत येईपर्यंत, गर्दी अशी की भिंतीवर बोटभर जागा रिकामी नाही. आईंना ओळखीचे प्रसंग सापडतील, त्यांनाच मुलीला सांगू द्या. पण इथे जिना आहे, वरच्या मजल्यावर जावं लागतं. हळू चढता आलं तर चढवा, कारण रामायणाची चित्रं वर आहेत.

राजवाड्याला लागूनच ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, १५६८ चं. खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, हाताने रंगवलेल्या, नीट बघितलं तर एकीसारखी दुसरी नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात म्हणून आईंना मोजे द्या.

एक लक्षात ठेवा, हे आम्ही भोगलंय. आम्ही शुक्रवारी पोचलो तर राजवाडा बंद, शनिवारी गेलो तर सिनेगॉग बंद. तेवढ्यासाठी चार माणसांची दोन दिवसांची धावपळ वाया गेली. रविवार ते गुरुवार असं बसवा. आणि रिक्षावाल्याला आधीच सांगा की दुकानात थांबायचं नाही, आम्हाला एकाने मसाल्याच्या आणि शालींच्या तीन दुकानांत फिरवलं, दीड तास गेला.

चाटीगल्ली

वरच्यांनी छान सांगितलंय, पण तुमचे वडील टॉवेलच्या कारखान्यात होते म्हणताय तर एक जागा माझ्याकडून. धोबीखाना. फोर्ट कोचीतच आहे. डचांनी आपल्या शिपायांचे कपडे धुवायला तमिळनाडूहून वण्णार लोक आणले, त्यांचीच पुढची पिढी आजही तिथं धुते. प्रत्येकाची वेगळी खोपी, हौद, दगड. मी कापडात तीस वर्षं आहे आणि तिथं एक तास उभा राहिलो. भाताच्या पेजेची खळ देतात अजून, आपल्याकडे मागावर सुताला खळ द्यायचे तोच वास. वाळत घालायला चिमटा नाही, दोन दोऱ्यांना पीळ घातलाय आणि त्या पिळात कापडाचं टोक खोचतात, वाऱ्याने पडत नाही. माझ्याकडच्या बाईने तसंच करून बघितलं घरी, राहतं की.

आईंना आवडेल बघा. आणि तिथल्या लोकांशी बोला, फक्त फोटो काढून येऊ नका.

कडकभाकरी

जेवणाची काळजी करू नका. मट्टांचेरीत गुजराती लोक कित्येक पिढ्यांपासून आहेत, त्यांची अख्खी गल्ली आहे, तिथं शाकाहारी जेवण साधं आणि चांगलं मिळतं. बाकी अप्पम, पुट्टू आणि कडला म्हणजे काळ्या हरभऱ्याची उसळ, हे कुठंही मागा. खोबरेल तेलाचा वास आईंना पहिल्या दिवशी जड जाईल, म्हणून शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या सोबत ठेवाच, रेल्वेतही उपयोगी. पुणे-कन्याकुमारी गाडी आपल्या सोलापूरवरूनच जाते, एर्नाकुलम टाउनला उतरायचं, तिथले लोक त्याला नॉर्थ म्हणतात. लांबचा प्रवास आहे, आईंना खालचा बर्थ आत्ताच बघा.

प्रवासी_सातरस्ता

मी थोडं वेगळं सांगतो. मुन्नार पूर्ण काढू नका हो, मुलगी लहान आहे, चहाचे मळे तिने बघावेत. कोचीत दमटपणा एवढा असतो की आपल्यासारख्या कोरड्या हवेच्या माणसाला दुपारी काहीच सुचत नाही, एका दिवसात भागतं.

बाळीवेशीतला

मुन्नारला वाईट म्हणत नाही, पण घाटात चार-साडेचार तास गाडीत आणि दुखरे गुडघे, हे जमत नाही. आणि त्यांच्या आईंनी स्वतः तोंडाने बंदर मागितलंय. दमटपणाचं मात्र बरोबर, दुपारी बारा ते चार खोलीवर आराम करायचा, सकाळ-संध्याकाळ फिरायचं. म्हणून तर दोन रात्री म्हणतोय.

बार्शीची_लेक

मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाळीवेशीतल्यांनी मुझिरिसचं नाव घेतलं. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांचं टिपण लिहून ठेवलंय, पेरिप्लस म्हणतात त्याला. त्यात मुझिरिस आहे, तिथे मिरीसाठी येणारी मोठी जहाजं आहेत, आणि त्याच टिपणात तगर आहे. तगर म्हणजे आपलं तेर, बार्शीच्या जवळचं! तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून जहाजाने पुढे. म्हणजे आपल्या भागातलं कापड बंदरावर जाणं हे काल-परवाचं नाही. होटगीरोडकर, तुमचे वडील जे करत होते तेच काम इथल्या कुणीतरी तेव्हाही केलेलं आहे. जायच्या आधी एखाद्या रविवारी मुलीला तेरच्या लामतुरे संग्रहालयात नेऊन आणा, मग कोचीत तिला जास्त कळेल.

दुसरी गोष्ट. डच काळात कोचीचा गव्हर्नर होता व्हान ऱ्हीड, त्याने मलबारच्या झाडपाल्यावर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, हॉर्टस मलबारिकस, १६७८ ते १६९३ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला. त्यात माहिती देणारे एक मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन आणि तीन कोंकणी वैद्य, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. या तिघांनी दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये आपली अक्षरं! ही कोंकणी मंडळी गोव्याकडून गेलेली, त्यांचे वंशज आजही मट्टांचेरीत चेरलाईला राहतात, तिथं त्यांचं तिरुमल देवस्थान आहे. मी तिथल्या फुलवाल्या आजींशी मराठीत बोलले, त्या कोंकणीत बोलल्या, आणि आमचं दहा मिनिटं व्यवस्थित चाललं. तुमच्या आईंना सगळीकडे भाषा अडेल, तिथं अडणार नाही.

होटगीरोडकर

मंडळी, मनापासून आभार. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. तेरचं ऐकून म्हणाली, अगं बाई, ते आपल्या मावशीचं गाव. मुन्नार काढलं, कोची दोन रात्री आणि मग एक दिवस अलेप्पी, एवढंच. रविवारी पोचतोय, मंगळवारी निघतोय. मुलगी विचारतेय कथकली बघायची का, तिला नाच आवडतो, पण आई बसेल का शेवटपर्यंत?

बार्शीची_लेक

बघाच. फोर्ट कोचीत पाहुण्यांसाठी तास-दीड तासाचे छोटे प्रयोग रोज असतात, खुर्च्या असतात. पण प्रयोगाच्या आधी तासभर जा, मेकअप समोरच करतात आणि मला तोच भाग जास्त आवडला. कलाकार जमिनीवर आडवा झोपतो आणि दुसरा माणूस त्याच्या गालांवर तांदळाच्या पिठाची पांढरी कड एकेक थर देत चढवतो. हिरवा चेहरा म्हणजे सज्जन नायक. शेवटी डोळ्यात एक बारीक बी टाकतात, वांग्याच्या जातीच्या झाडाचं, मग डोळा लाल होतो, त्याने नजर लांबूनही दिसते. मुलीला पुढच्या रांगेत बसवा.

होटगीरोडकर

बसवतो. आता शेवटचं एकच. आईला जहाज दिसेल ना नक्की? जाळी वगैरे ठीक आहे, पण मोठं मालाचं जहाज. ते नाही दिसलं तर मला वाईट वाटेल.

चाटीगल्ली

दिसणार हो. बंदरात शिरायची वाट फोर्ट कोचीच्या अगदी कडेने आहे. चिनी जाळी जिथं आहेत ना, ती मोठी लाकडी, मागे दोऱ्यांना दगड बांधलेले आणि चार-पाच जण मिळून ओढतात ती, त्याच किनाऱ्याच्या समोरून जहाजं आत येतात आणि पलीकडे वल्लारपाडमला कंटेनर उतरवतात. आपला इकडचा माल न्हावाशेवावरून जातो, पण कंटेनर तसलेच. ठरावीक वेळ नसते, म्हणून सकाळी लवकर एकदा आणि साडेचारनंतर एकदा असं दोन्ही दिवस जाऊन बसा, चालायला सपाट फरसबंदी रस्ता आहे, बसायला जागा आहे. मी बसलो होतो तेव्हा एक आलं, एवढं जवळून की वरची माणसं दिसत होती, आणि इंजिनाची धडधड छातीत जाणवते.

आईंचा चष्मा विसरू नका. जहाज पुढे गेलं की त्याच्या पाठीमागच्या बाजूला बघायला सांगा. तिथं मोठ्या अक्षरात जहाजाचं नाव असतं, आणि त्याच्याखाली बंदराचं.